बोर्डात न मावलेला आखाडा

"केशवराव, ही आमची शेवंता न्हाई."

माणिकरावांनी धोतराच्या सोग्यात गुंडाळून आणलेली प्लेट काउंटरवर ठेवली. माणिकराव आखाडा बाळापूरचे. जमीन बरी, बोलणं मोजकं. त्यांच्या घरचा ग्रामोफोन मीच विकलेला. त्यांच्यामागे बाळापूरचेच आणखी काही जण उभे होते आणि प्रत्येकाच्या हातात तीच प्लेट होती.

तेव्हा रेकॉर्डला सगळे प्लेटच म्हणत. निजामाचं राज्य होतं आणि हिंगोलीत स्टेशनच्या रस्त्यावर रतनशेठचं ग्रामोफोनचं दुकान होतं. मी तिथे मॅनेजर होतो. मॅनेजर म्हणजे मशीनची चावी तुटली तर बसवणारा, पिना मोजून देणारा आणि पूर्णा जंक्शनवरून आलेली पार्सलं पेंढ्यातून न फोडता बाहेर काढणारा माणूस. हे काम मला चांगलं येत होतं. म्हणूनच पुढं जे झालं त्याचं ओझं माझ्यावर जास्त आहे. अडाण्याच्या हातून चूक झाली तर लोक सोडून देतात.

"शेवंताच आहे," मी म्हणालो. "हे पहा, लेबल. मिस शेवंता बाळापूरकर."

"लेबल आमाला वाचता येतंय. आवाज ऐका की."

"माणिकराव, मशीनमध्ये आवाज बारीक होतो. भोंग्यातून येताना त्याचं अंग झडतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला आपल्या सख्ख्या भावाचाही आवाज ओळखू येत नाही."

हे मी नेहमी सांगत असे आणि ते खोटंही नव्हतं. माणिकरावांनी मान हलवली.

"आवाज बारीक व्हईल. पन मशीनमधी 'ळ'चा 'य' व्हतो व्हय? शेवटी काय म्हनती ती, ऐका."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. जुन्या प्लेटांवर गाणं संपलं की गाणारा स्वतःचं नाव सांगे. प्लेटा दूरच्या कारखान्यात दाबल्या जात, तिथल्या माणसांना आपली भाषा कळत नसे, म्हणून कोणाचं गाणं कोणतं ते ओळखायला ही सोय. हा रिवाज नंतर मागं पडला, पण आम्ही जिच्या प्लेटा विकत असू त्या मुंबईच्या कंपनीच्या काही प्लेटांवर तो अजून होता. मी मशीनला चावी दिली, नवी पिन बसवली आणि सुई सरळ शेवटाकडं टेकवली. ढोलकी थांबली. खरखर झाली. मग बाई ठसक्यात म्हणाली, "मी शेवंता बायापूरकर."

मी पुन्हा सुई मागं घेतली. पुन्हा "बायापूरकर."

'काळा'ला 'काया' आणि 'डोळा'ला 'डोया' वऱ्हाडात म्हणतात. आमचं आखाडा बाळापूर वऱ्हाडात नाही, कळमनुरी तालुक्यात आहे. पण वऱ्हाडातही एक बाळापूर आहे, अकोल्याकडं. ते मला माहीत होतं. ती प्लेट पहिल्यांदा वाजवली तेव्हाही हा 'य' माझ्या कानावर पडला होता. मी तो पिनेची खरखर समजून सोडून दिला होता.

"आता समजलं?" माणिकराव म्हणाले. "ज्येंच्या घरी मशीन न्हाई त्येंनी बी ही प्लेट घेतली. देव्हाऱ्यात ठेवली एकानं. आपल्या गावची पोरगी प्लेटवर गेली म्हनून."

असं का झालं ते सांगतो. त्या काळी गाणाऱ्या बायकांना आडनाव नसे. गावाच्या नावाला 'कर' लावला की झालं आडनाव. बायकांच्या नावाआधी 'मिस', पुरुषांच्या नावाआधी 'मास्टर'. मग ती मिस नातवंडांची आजी असो आणि मास्टरचे दात पडलेले असोत. आमच्या कपाटात एकाच नावाचे दोन मास्टर होते. एक रडका मास्टर आणि एक हसरा मास्टर अशी आम्ही त्यांची दुकानापुरती बारशी केली होती. म्हणजे नावं जुळतात हे मला चांगलं ठाऊक होतं.

आमच्याकडची शेवंता सगळ्या भागाला माहीत होती. बाळापूरच्या बाजारात, वारंग्याच्या फाट्यावर, जत्रांत तिची पार्टी लावण्या गायची. आणि ढोलकीवाला तिचं नाव नेहमी पुरं पुकारायचा, "आखाडा बाळापूरची शेवंता!" अर्धं कधीच नाही. लेबलावर 'आखाडा' नव्हता. मी समजलो की कंपनीला एवढं लांबलचक नाव लेबलावर मावलं नसेल.

मी दुकानासाठी बोर्ड रंगवून घेतला, 'बाळापूरची शेवंता आता प्लेटवर'. पेंटर ब्रश हातात घेऊन म्हणाला होता, "साहेब, आखाडा लिहू का? फळी अपुरी पडंल, अक्षरं बारीक करावी लागतील." मी म्हणालो, "राहू दे. इथं बाळापूर म्हटलं की आपलंच. आखाडा कशाला?" बारीक अक्षरं लांबून दिसत नाहीत हा माझा धंद्याचा विचार होता. धंद्याच्या दृष्टीनं तो बरोबरही होता.

माणिकरावांना मी प्लेटा परत घेण्याचा शब्द दिला आणि शेठकडं गेलो. रतनशेठ गादीवर बसून सुपारी कातरत होते. मी सगळं सांगितलं. त्यांचा अडकित्ता थांबला.

"मग दसऱ्याला येतंय कोण?"

हा खरा घोळ होता. दसऱ्याला हिंगोलीत मोठी गर्दी होते. त्या वर्षी मैदानावरच्या लावणीच्या तंबूचा ठेका शेठनं घेतला होता. शेवंता आता कंपनीची कलाकार झाली, तेव्हा बोलावणं कंपनीमार्फतच गेलं पाहिजे, असं ठरवून आम्ही मुंबईला तार केली होती. कंपनीनं बाई येतील म्हणून कळवलं होतं. बैलगाडी सकाळी जुंपली तर दिवस मावळायच्या आत पोचता येतं अशा गावच्या बाईला आम्ही मुंबईमार्गे निरोप धाडला होता, आणि तो भलत्याच बाईला पोचला होता.

"येऊ द्या," शेठ म्हणाले. "प्लेटवाली आली तर प्लेटा खपतील. लोकांना काय, शेवंता म्हटलं की शेवंता."

"आणि आपली?"

"आपली तर दर वर्षीच असते."

दुसऱ्या दिवशी आपली स्वतःच दुकानात आली. सोबत तिचा ढोलकीवाला मामा. शेवंताबाई तेव्हा तिशीच्या आसपास असाव्यात. काउंटरसमोर उभ्या राहिल्या, बोर्डाकडं बोट केलं.

"केशवदादा, हे तुमी लिवलं?"

"मीच लिहून घेतलं."

"मग मी कवा गेले ममईला? माझं मला तर सांगायचं."

मामा म्हणाला, "गावात लोक इच्यारून राहिलेत, शेवंता, तुझा आवाज असा काहून झाला? काल एक जण म्हनला, प्लेटवरची खरी, ही नक्कल. तिच्या तोंडावर म्हनला."

"नक्कल म्हना, चोर म्हना, ते मी गाऊन मिटवीन," शेवंताबाई म्हणाल्या. "पन गानं कुटं गाऊ? दसऱ्याला हितं उभं राह्यलं की गावोगावचे लोक बघत्यात. जत्रांच्या सुपाऱ्या हितंच ठरत्यात. हितं न्हाई तर सारा हिवाळा न्हाई. माझ्या मागं ढोलकी हाय, तुनतुनं हाय, त्येंची लेकरं हायेत. आन् तंबूवर नाव माझंच लागलंय म्हनं!"

सुपारी म्हणजे कार्यक्रमाचं पक्कं बोलावणं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. हिवाळा त्या एका दसऱ्यावर उभा होता, आणि माझ्या एका फळीनं तो आडवा केला होता.

"आखाडा काहून पुसला?" त्यांनी विचारलं.

"पुसला नाही. लिहिलाच नाही. फळी अपुरी होती." आणि मग मला राहवलं नाही. "बाई, प्लेट पहिल्यांदा ऐकली तेव्हाच मला शंका आली होती. मी ती दाबली. बोर्ड मला फार आवडला होता."

त्या रागावतील असं वाटलं. पण मामाच बोलला, "बरं झालं सांगितलं. आमी फुकट बिचाऱ्या पेंटरला शिव्या देत आलो."

शेठ आतून आले. त्यांनी तोडगा काढला. "हे पहा बाई, तुम्ही पण गा. फक्त यंदा नाव दुसरं लावा. सुंदरा, चंद्रा, काय पण. एका तंबूत दोन शेवंता उभ्या केल्या तर लोक म्हणतील यातली एक खोटी."

"मग ती लावू द्या दुसरं."

"तिचं प्लेटवर ठसलंय. ते खोडता येत नाही."

"माझं लोकायच्या तोंडात ठसलंय, शेठ. ते खोडून बघा."

शेठ माझ्याकडं वळले. अशा वेळी ते नेहमी माझ्याकडं वळत. मी त्यांना म्हणालो, "शेठ, दोन शेवंता लपवायच्या कशाला? त्याच पुकारू. गावोगाव दवंडी देऊ. दोन बाळापूर, दोन शेवंता, एक तंबू. एका शेवंतासाठी जेवढे येतील त्यापेक्षा दोघींतली खरी कोण हे बघायला जास्त येतील. हा माझा शब्द."

मी हे खात्रीनं बोललो. माल कसा विकायचा ते मला कळत होतं. शेठनं अडकित्ता दोनदा वाजवला. "आणि ती वऱ्हाडवाली नाही म्हणाली तर?"

"तिच्याशी मी बोलतो."

"तुम्ही बोला, आणि ती नाही म्हणाली तर तुम्हीच लुगडं नेसून उभे रहा."

गावोगाव दवंडी फिरली, आणि वऱ्हाडच्या शेवंताबाई कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी वाशीमकडून येणाऱ्या सर्व्हिस मोटारीनं उतरल्या. मी घ्यायला गेलो होतो. वयानं आमच्या शेवंतापेक्षा मोठ्या, अंगावर रस्त्याची सगळी धूळ, आणि चेहरा भडकलेला.

"तुमच्या राज्यात पाय ठेवला नाई तं मलेच खोटी ठरवलं!" त्यांनी मोटारीच्या पायरीवरूनच सुरुवात केली.

वऱ्हाड तेव्हा इंग्रजांकडं होतं, म्हणून सरहद्दीच्या नाक्यावर तिकडून येणाऱ्याचं सामान बघत आणि नाव विचारत. यांनी ऐटीत सांगितलं, शेवंता बाळापूरकर, गाणारी. नाक्यावरचा कारकून हिंगोलीचा शौकीन निघाला. तो म्हणाला, "बालापूर की शेवंता तो इधरीच रहती. मैंने खुद सुना है. तुम कौन, बाई?" यांनी प्लेटचं सांगितलं. तो म्हणाला, प्लेट तो कोई भी बना लेता. शेवटी तिथंच उभं राहून दोन ओळी गाव्या लागल्या, तेव्हा कुठं ट्रंक परत मोटारीवर चढली.

"मग काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हने, अच्छा है, मगर वो नहीं है."

मला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. दुकानापर्यंत चालता चालता मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. बोर्ड, तार, दुसरी शेवंता. काही लपवलं नाही. त्या मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हंजे तुमाले मी पाह्यजेच नव्हती?" मी त्यांची ट्रंक उचलली आणि पुढं चालू लागलो.

दुकानाच्या मागच्या खोलीत रिकाम्या खोक्यांवर पोतं टाकून दोघी समोरासमोर बसल्या. मी दारात, मामा ढोलकी घेऊन कोपऱ्यात, शेठ बाहेर गादीवर कान लावून. मग आमच्या शेवंताबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

"घ्या अक्का. धूळ लई लागली."

"तुलेच शेवंता म्हंतात काय?"

"व्हय. आन् तुमाला?"

"मले कंपनीत म्हंतात." वऱ्हाडच्या बाई घटाघट पाणी प्यायल्या. "मायं नाव कमया."

"कमया?"

"कमया वं. फूल असते नं पान्यातलं."

"कमळा!"

"थेच तं! मुंबईच्या सायबानं इचारलं, नाव काय? म्या म्हनलं कमया. त्याले समजेना. मंग समजलं, तं म्हने, कमया आमच्याकडं पयलेच एक हाय, दुसरं फूल सांगा. म्या म्हनलं शेवंता लिहा. त्यात मायी जीभ अडकत नाई." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "मंग गाव इचारलं, अन् तिथं अडकलीच."

मामा ढोलकीवर डोकं टेकवून हसायला लागला. शेवंताबाईही हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या.

"अक्का, खरं सांगू? माझं बी शेवंता न्हाई. माझा जल्म तांड्यावरचा. आजा बैलं घेऊन धान्य, मीठ वाहायचा, बाप शेतीला लागला. तांड्यावर मला सेवी म्हनायचे. बाळापूरच्या बाजारात पयल्यांदा गायले तवा तिथल्या लोकायनी शेवंता केलं. त्येच गावानं मला ऐकलं, म्हनून मी बाळापूरची. न्हाई तर माझं तिथं घर बी नव्हतं."

"म्हंजे दोघी बी नकलीच," कमळाबाई म्हणाल्या.

"आता भांडायचं कशावर?"

"भांडायचं नाई तं मी आली कायले एवढी धूळ खात?"

शेठना हे गादीवरून ऐकवेना. ते दारात आले. "बायांनो, हसा, पण नावाचं ठरवा. मला पुकारायला एक काहीतरी पाहिजे."

कमळाबाई म्हणाल्या, "मायं तं प्लेटवर बसलं, शेठ. मी सोडतो म्हनलं तरी सुटत नाई." आवाजात मघाचा ताठा नव्हता. मी मान खाली घातली. पुढं काय होणार ते मला दिसत होतं. ज्यांचं काही चुकलं नव्हतं त्या आमच्या शेवंताबाईंनाच नाव सोडावं लागणार होतं, आणि तेही माझ्यासमोर.

शेवंताबाई माझ्याकडं वळल्या. "केशवदादा, त्या फळीत काय मावलं न्हाई म्हनलात?"

"आखाडा."

"मग तेवढंच मला द्या. बाळापूर अक्काला राहू द्या. तिला तसं बी म्हनता येत न्हाई." कमळाबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली. "मी आखाडेवाली. आखाड्याची शेवंता. ज्याला नक्कल वाटते त्येनं उतरावं आखाड्यात."

तिसऱ्या प्रहरी तंबू भरला. माणसं कनातीबाहेर उभी होती. माझा अंदाज चुकला नव्हता. पुकारायचं काम माझंच होतं. मी पुढं झालो, तोच मागून आरडाओरडा सुरू झाला, "खरी कंची? आधी खरी दाखवा!"

मी मोठ्यानं म्हणालो, "दोघीही खऱ्या आहेत. बाळापूरं दोन आहेत."

"आन् केशवराव किती हायेत?" कोणीतरी ओरडलं. तंबू हसला.

"एकच आहे," मी म्हणालो. "आणि सगळा घोळ त्या एकट्यानं घातला. आमच्या शेवंताबाईंनी कोणाची नक्कल केली नाही. बोर्डावरचा आखाडा मी गाळला. तो आज परत लावतो."

मी बाजूला झालो आणि मामाला ढोलकीची खूण केली.

मग सवाल-जवाब झाले. सवाल-जवाब म्हणजे एकीनं गाण्यातून कोडं घालायचं, दुसरीनं त्याच चालीत उत्तर द्यायचं. कमळाबाईंनी सवाल टाकला, माझं नाव तुझ्याकडं कसं गं आलं? शेवंताबाईंनी ढोलकीची एक फेरी जाऊ दिली आणि जवाब दिला, नाव बाजारात मिळतं बाई, आखाडा अंगात असावा लागतो. बाळापूरचे लोक उठून उभे राहिले. कमळाबाई हरणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी पुढच्या सवालात मुद्दाम 'बायापूर' म्हटलं, प्रेक्षकांकडं बघून डोळा मारला, आणि त्याच लोकांनी त्यांनाही उचलून धरलं.

ऐकताना मी एक गोष्ट मनाशी कबूल केली. दोघींचे आवाज कोणालाही वेगळे कळतील असे होते. मशीननं त्यातलं काहीही झडवलं नव्हतं. मी मशीनच्या नावावर माझा आळस खपवत आलो होतो. त्या दिवसापासून भोंग्याचं ते वाक्य मी गिऱ्हाइकाला ऐकवणं बंद केलं.

कार्यक्रम संपल्यावर सुपाऱ्या देणाऱ्यांनी मामाला घेरलं. आखाडेवालीला आमच्या जत्रेला आणा, म्हणजे आणाच. हिवाळा उभा राहिला. काही गावांनी दोघींना मिळून बोलावलं, आणि त्या वर्षी कमळाबाई आमच्या मुलखात बऱ्याच राहिल्या.

माणिकराव दुकानात आले तेव्हा मी त्यांच्या प्लेटचे पैसे परत द्यायला काढून ठेवले होते. त्यांनी ते घेतले नाहीत.

"राहू द्या. बाई गाते चांगली. फकस्त आमची न्हाई, एवढंच म्हननं व्हतं."

"आणि देव्हाऱ्यातली?"

"ती बी तिथंच हाय. आता काढली तर देवाला काय सांगायचं?"

पुढं काही काळानं कंपनीनं आमच्या शेवंताबाईंनाही बोलावलं. पार्सल आलं, मी पेंढा बाजूला केला आणि लेबल वाचलं, मिस शेवंता आखाडेकर. चावी दिली, पिन नवी लावली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. मग आणखी एकदा ऐकली. आवाज त्यांचाच होता. मग पेंटरला बोलावलं.

बोर्ड लागला त्याच आठवड्यात लांबच्या गावाचं एक गिऱ्हाईक आलं. त्यानं बोर्ड वाचला, प्लेट उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "ही कंच्या आखाड्याची? आखाडे लई हायेत."

मी त्याला बाहेर नेलं आणि बोर्ड पुन्हा नीट वाचायला सांगितलं. त्यावर होतं, 'आखाडा बाळापूर, तालुका कळमनुरी, इथली शेवंता'. सगळी अक्षरं ठळक होती. फळी दुप्पट लांबीची करून घेतली होती. शेठ कुरकुरले होते, पण मी ऐकलं नव्हतं.

आता राज्य गेलं, प्लेटांचा धंदाही उतरणीला लागला. दुकानात नवी माणसं कामाला लागतात तेव्हा मी त्यांना पिन बसवायला शिकवतो, चावी किती पिळायची ते शिकवतो, आणि सगळ्यात आधी हे सांगतो की नाव मावत नसेल तर फळी मोठी करावी.